मजुरी मीटरवर की पाळीवर?

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. धोट्याचा तोच खटखटाट साध्या मागांच्या कारखान्यांत आजही असा असतो, की कामगार खुणांनीच बोलतात. मी ज्याच्याजवळ उभा होतो तो विणकर चार माग सांभाळत होता. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधून गाठ मारायची आणि माग पुन्हा सुरू करायचा. त्याची बोटं नेमकं काय करतात, हे जवळून पाहूनही मला दिसत नव्हतं. धोट्यातली बाण्याच्या धाग्याची कांडी संपत आलीय, हे तर त्याला न वाकताच कळायचं.

मजुरी मीटरवर, ५२ पिकाच्या हिशेबाने. इंचाला बाण्याचे, म्हणजे आडवे, ५२ धागे, म्हणजे मीटरभर कापडाला दोन हजारांहून जास्त. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास धागे टाकतो. न थांबता चालला तरी मीटरला तेरा-चौदा मिनिटं लागतात. हात जितका तरबेज तितका माग कमी थांबतो, आणि तेवढे पैसे जास्त पडतात.

एअरजेट मागांच्या शेडमध्ये धोटाच नाही. हवेचा झोत मिनिटाला सहाशेच्या वर धागे फेकतो. तोच मीटर साडेतीन मिनिटांत. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, दिवा लागतो, कामगार तिकडे धावतो. मीटरचा जुना दर इथे लावला तर मजुरी चौपट होईल. मी पाहिलेल्या शेडमध्ये म्हणूनच पाळीवर पगार होता. मालकाच्या डोक्यावर मागाच्या कर्जाचा मोठा हप्ता असतो, हे मान्य. पण वाढलेल्या वेगातला कामगाराचा वाटा या एका बदलाने संपला.

भाव आला तो मागाचं इलेक्ट्रॉनिक्स समजणाऱ्याला. नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारा, माग दुरुस्त करणारा जुना जॉबर इथे बिनकामाचा. कांडी भरणाऱ्यांना तर जागाच नाही, कारण बाणा थेट कोनवरून येतो. मला सर्वांत जास्त हेच लागलं. कांडी भरता भरताच नवखे कामगार माग शिकत आले. ती पायरीच निघाली.

केंद्राने १९९९ मध्ये तंत्रज्ञान सुधार निधी योजना आणली, तेव्हा व्याजाची सवलत यंत्रांच्या कर्जाला मिळाली. यंत्रांची सोय झाली; आता कामगारांसाठी मालक आणि कामगार संघटनांनी मजुरीच्या पुढच्या बैठकीत बिनधोट्याच्या मागाचा दर ठरवावा, आणि कांडीवाल्यांच्या प्रशिक्षणाचा खर्चही त्याच करारात लिहावा.