पोट न फाडता यकृताच्या गाठीवर इलाज

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'लिव्हरमध्ये गाठ' एवढे शब्द दिसले, की घरातल्या बाईच्या पोटात धस्स होतं. पण मैत्रिणींनो, प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची साधी गाठ पुष्कळांच्या यकृतात असते आणि तिला बहुधा हातही लावावा लागत नाही. कॅन्सरची असली, पण लहान असतानाच सापडली, तर पोट न फाडता उष्णतेनं ती मारता येते.

आमच्या नात्यातल्या मावशींवर हा इलाज ठरला, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे पोटात जाळणार का गं मला?" जाळतात, पण गाठीपुरतंच.

रुग्णाला भूल किंवा गुंगी देतात. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत डॉक्टर एक लांब, बारीक सुई कातडीतून थेट गाठीत नेतात. रेडिओ लहरींच्या पद्धतीत सुईच्या टोकातून वेगानं दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. मांड्यांना चिकटवलेल्या पट्ट्यांतून तो परत जातो. टोकाभोवतीचा भाग तापतो आणि ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ लगेच मरतात. अंड्याचा पांढरा भाग एकदा शिजला की पुन्हा पातळ होत नाही, तसंच पेशींतल्या प्रथिनांचं होतं. मात्र १०० अंशांच्या पुढे तो भाग करपतो आणि वीज पुढे जाईनाशी होते. म्हणजे आच बेतानंच ठेवावी लागते! दुसऱ्या पद्धतीत आपल्या ओव्हनसारख्याच मायक्रोवेव्ह लहरी वापरतात.

१९९० साली अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या डॉक्टरांनी प्राण्यांच्या यकृतावरचे असे प्रयोग प्रसिद्ध केले. आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही हा इलाज होतो.

गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत असेल तर गुण उत्तम येतो. त्याहून मोठी असली, तर कडेला जिवंत पेशी राहून ती पुन्हा वाढण्याची भीती असते. म्हणूनच "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून तपासणी लांबवू नये. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून असली, तरी अडचण येते. गरम भांडं वाहत्या नळाखाली निवतं, तसं वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं.

पुष्कळ रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येतात. काही दिवस बारीक ताप, अंगदुखी, थकवा राहू शकतो. ताप चढला, थंडी वाजली, पोट फार दुखलं किंवा डोळे पिवळे झाले, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांना गाठावं. रक्तस्राव, पू होणं, शेजारच्या अवयवाला इजा असे धोके क्वचित का होईना, असतात. साधारण महिन्यानं पुन्हा स्कॅन करतात. गाठ पूर्ण मेली की नाही, ते त्यातच कळतं. पुढेही ठराविक मुदतीनं तपासण्या कराव्याच लागतात, कारण यकृत मुळात आजारी असेल तर दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते.

जाण्यापूर्वी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना जरूर सांगा. त्या आपल्या मनानं बंद करू नका. गाठ केवढी, कुठं, किती, आणि शस्त्रक्रिया बरी की हा इलाज, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या.

घरात कोणाला कावीळ बी किंवा सी असेल, दारूनं यकृत बिघडलं असेल, सिरॉसिस असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत कावीळ बीची लस टोचून घ्या. आणि घरच्यांच्या तपासण्यांच्या तारखा लिहिताना कॅलेंडरवर स्वतःचीही तारीख लिहा. आपल्याकडे नेमकी तीच राहून जाते!