टाचेचं जुनं दुखणं आणि ट्यूबमधलं औषध

टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीच्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, महिनोन्‌महिने दुखते तेव्हा घरोघरी एखादी ट्यूब बाहेर निघते. तिचा उपयोग किती?

अमेरिकेत डायक्लोफेनॅकचं १ टक्का जेल २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. ते संधिवाताच्या दुखण्यासाठी मंजूर आहे. कंडरेसाठी वापरायचं तर डॉक्टरांना विचारून. औषध रक्तात थोडंच जातं, त्यामुळे गोळीपेक्षा पोटाला त्रास कमी. पण थोडं म्हणजे शून्य नव्हे. सोबत आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नका. लावलेल्या जागी शेकही नको.

भारतातून येणाऱ्या बऱ्याच मलमांत मिथाइल सॅलिसिलेट असतं. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी ते चोळलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. भेटीला आलेल्या आई-बाबांच्या बाबतीत हे आवर्जून बघा.

जुन्या दुखण्यात कंडरेला सूज कमी, झीज जास्त असते. जेल वेदना दडपतं. कंडरेला बळ देतो तो व्यायाम. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली १२ आठवड्यांचा क्रम मांडला: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली न्यायची. रोज दोनदा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या.

काही डॉक्टर नायट्रोग्लिसरीनची पट्टी देतात. तिने डोकं दुखू शकतं, आणि व्हायग्रासोबत ती जीवावर बेतू शकते.

म्हणून ट्यूब उघडण्याआधी एकच प्रश्न विचारा: गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत?