कुलपाची जबाबदारी मालकाची

पेढीची तिजोरी फुटली, तर दोष केवळ पहारेकऱ्याचा म्हणता येईल काय? अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जव्यवहारांच्या नोंदी ठेवते. ती वापरीत असलेल्या एका संगणकप्रणालीतील दोष मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला. त्यावरील दुरुस्तीही उपलब्ध होती. ती झाली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले आणि १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती त्यांच्या हाती गेली. पायउतार झालेले प्रमुख रिचर्ड स्मिथ यांनी ऑक्टोबरात अमेरिकी संसदेपुढे एका कर्मचाऱ्याच्या चुकीकडे बोट दाखविले. परंतु एकाच्या विसराळूपणाने सारी पेढी उघडी पडावी, ही व्यवस्था कोणाची? केलेले काम दुसऱ्याने पडताळावे, त्यासाठी माणसे व पैसा पुरवावा, हे संचालकांनीच ठरवावयाचे असते. हिशेबाप्रमाणेच या कुलपाचीही विचारपूस त्यांनी स्वतः केली पाहिजे. कारण आतली ठेव लोकांची आहे.