घराची रजई आणि मागे उरणारी धूळ

अमेरिका-कॅनडात थंडीपासून बचाव म्हणून घराच्या माळ्यावर आणि भिंतींच्या पोकळीत सुटे तंतू भरतात. घराला रजई घातली म्हणा ना. यंत्रात माल पिंजला जातो आणि जाड पाइपमधून हवेच्या जोराने आत सोडला जातो. माल मुख्यतः दोन जातींचा. एक वर्तमानपत्रांच्या रद्दीचा, ज्याला आग व किडीपासून रक्षणासाठी बोरिक क्षार लावतात. दुसरा काचेच्या तंतूंचा. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे घरे घेऊन राहिली आहेत. काही जण भाड्याचे यंत्र आणून हे काम स्वतःच करतात आणि फसतात ते सफाईत.

भिवंडी-मालेगावात लूमवर उभे राहिलेल्याला हे सांगायला नको की, झाडू मारला की तंतू उडतात आणि घटकाभराने पुन्हा तिथेच बसतात. म्हणून झाडू नकोच. घरातले साधे व्हॅक्यूमही नको. बारीक धूळ त्याच्या मागच्या बाजूने परत खोलीत येते. ‘हेपा’ गाळणी असलेले यंत्र आणावे. काम चालू असताना घर गरम करणारा पंखा बंद ठेवावा, नाहीतर धूळ नळ्यांतून सगळ्या खोल्यांत जाते. रद्दीच्या मालावर आधी पाणी मारू नये, त्याची लगदी होऊन चिकटते. आधी कोरडे ओढून घ्यावे, मग ओले फडके. काचेचा माल असेल तर अंगावरचे कपडे वेगळे धुवावेत आणि नंतर मशीनही खंगाळावे.

पण जुन्या घरात यंत्र लावण्यापूर्वी माळ्यावर आधीच काय पडले आहे ते पाहावे. राखाडी-तपकिरी, चकचकीत, खड्यांसारखा हलका माल दिसला तर तो व्हर्मिक्युलाइट असू शकतो. मोंटाना राज्यातील लिबीची खाण 1990 साली बंद झाली. तिथल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होते आणि अमेरिकेतला बहुतेक माल तिथलाच. अ‍ॅस्बेस्टॉसने फुप्फुसाचा कर्करोग होतो. अशा मालाला झाडू नको, व्हॅक्यूम नको, हातही नको. दार बंद करून परवानाधारक माणसाला बोलवावे, पैसे जातील तर जाऊ द्यावेत.

आता व्यापाऱ्याच्या नजरेतली एक गोष्ट. रिकाम्या पिशव्या कचऱ्यात टाकण्याआधी मोजाव्यात. किती पिशव्या, किती जागेत, किती जाडीने भरल्या, हे कंत्राटदाराने पावतीवर लिहून द्यावे असा अमेरिकेत नियम आहे. माल फुलवून कमी पिशव्यांत जाडी दाखवता येते. काही दिवसांनी तो बसतो. पिशव्या गेल्या की भांडायला हाती काही राहत नाही.