विश्वासाचा हिशेब : ब्रिस्टल ते केडगाव

मिशनरी म्हटला की परदेशातली श्रीमंत संस्था, दरमहा पगार आणि बंगला, असे चित्र आपल्या मनात पक्के बसले आहे. पुष्कळ ठिकाणी ते खरेही होते. पण एकोणिसाव्या शतकात याच कामात एक वेगळा प्रवाह सुरू झाला. पगाराची हमी नको, वर्गणीसाठी दारोदार फिरणे नको, कर्ज तर नकोच. गरज देवापुढे मांडायची आणि तो जे पुरवील त्यात काम चालवायचे. या प्रवाहाचे एक टोक इंग्लंडमध्ये होते आणि दुसरे पुणे जिल्ह्यातल्या केडगावात.

सुरुवात जॉर्ज म्युलरपासून करावी लागते. प्रशियात जन्मलेल्या या माणसाने 1836 मध्ये ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी पहिले घर उघडले. 1870 पर्यंत ॲशली डाउनच्या टेकडीवर पाच मोठ्या इमारती आणि सुमारे दोन हजार मुलांची सोय झाली होती. कोणाकडे हात पसरायचा नाही हा त्याचा नियम. मात्र आलेल्या प्रत्येक देणगीची पावती क्रमांकासह जाई आणि वार्षिक अहवालात पेनीपासून नोंद छापली जाई. दात्याने आपला क्रमांक काढून पडताळा घ्यावा. टीकाकार म्हणत, हा अहवाल म्हणजेच याचना. आक्षेपात तथ्य आहे, असे मलाही वाटते. पण 1841 च्या अखेरीस तिजोरी रिकामी असताना म्युलरने अहवाल मुद्दाम पुढे ढकलला. मागण्याचा वाससुद्धा नको, म्हणून. त्या एका निर्णयावरून मी त्याच्या सचोटीची खात्री बाळगतो.

हडसन टेलरने हीच रीत चीनमध्ये नेली. 1865 मध्ये अवघे दहा पौंड बँकेत भरून त्याने चायना इनलँड मिशन स्थापले. पगार ठरलेला नाही. जे येईल ते वाटून घ्यायचे. देवावर भिस्त ठेवली म्हणून संकटे टळली नाहीत. टेलरची पत्नी मारिया चीनमध्येच वारली. 1900 च्या बॉक्सर उठावात या मिशनचे 58 मिशनरी आणि 21 मुले मारली गेली. पुढे नुकसानभरपाई देऊ केली तेव्हा मिशनने ती घेतली नाही. तोफांच्या जोरावर वसूल झालेला पैसा त्यांना नको होता.

आता केडगाव. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी दिलेल्या मदतीच्या वचनावर. सदनात धर्मप्रचार करायचा नाही, ही अट होती. पुढे सदन पुण्यात आले. तिथे 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती वळण लावले जाते, या आरोपावरून वाद पेटला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही बाजूंच्या अपेक्षांमध्ये बाई अडकल्या होत्या. याच काळात म्युलर, टेलर आणि मिशनरी जॉन पेटन यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. हाच देव हिंदुस्थानात पुरवठा करणार नाही का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर शोधायला केडगावला जमीन घेतली.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गमावली होती. उपाशी मुलीच्या डोळ्यांत काय असते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. बोस्टनच्या दहा वर्षांची मुदत संपत आली होती, तरी संख्या वाढतच गेली. 1900 च्या दुष्काळानंतर केडगावच्या या ‘मुक्ती’ मिशनमध्ये जवळजवळ दोन हजार जीव होते. उन्हाळ्यात संध्याकाळी विहिरींचा तळ दिसावा आणि सकाळी पुन्हा पाणी यावे, हे बाईंनी देवाच्या पुरवठ्याची खूण म्हणून सांगितले आहे. पण त्या विहिरी खणल्या होत्या. सोबत शेती, फळबाग, विणकाम आणि छापखाना होता. देवावर विसंबणे आणि फावडे उचलणे यांत बाईंना कधी विरोध दिसला नाही.

छापखान्याकडे विशेष लक्ष द्यावे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर बाईंनी स्वतः केले. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुली इथे खिळे जुळवायला शिकल्या. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी स्वतः बाई गेल्या, आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे आणखी एक नाव घेतलेच पाहिजे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि संन्यासी वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारायला निघाले. दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले, त्यामुळे प्रयोग अपुरा राहिला. परदेशी पगाराचे जोखड उतरवल्याशिवाय इथले ख्रिस्तीपण इथले होणार नाही, ही त्यांची जाणीव मात्र मला फार मोलाची वाटते.

माझ्या मते या सगळ्यांच्या श्रद्धेचे खरे फळ स्वातंत्र्य हे होते. पैसा देणाऱ्याचा हुकूम ऐकायला नको, म्हणून रमाबाई केडगावला कोणत्याही एका पंथाच्या ताब्यात न जाता राहिल्या. मराठीत त्यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण 1893 च्या वादापाशी थांबतात. पुढच्या आयुष्याची बहुतेक वर्षे त्यांनी केडगावी काढली. 1907 मधली त्यांची इंग्रजी साक्ष उपलब्ध आहे. वाचकांनी ती मिळवून वाचावी, आणि सुधारक रमाबाईंइतकेच श्रद्धाळू रमाबाईंनाही आपल्या इतिहासात स्थान द्यावे.