रंग बंद करा, मग खडक दिसेल

आजच्या भागात बोलूया रंगीत वाळवंटी खडकांच्या फोटोंबद्दल. समोर लाल-गुलाबी डोंगर असतो आणि फोटोत मात्र नुसता लाल ढीग येतो. असं का होतं?

उदाहरण एकच घेऊ. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातलं व्हॅली ऑफ फायर, लास वेगासपासून साधारण ८० किलोमीटरवर. हा वाळूचा खडक म्हणजे डायनासोरच्या काळातल्या वाळूच्या टेकड्या, दबून दगड झालेल्या. लाल रंग लोहाच्या गंजाचा. जिथून भूजलाने लोह धुऊन नेलं, तिथे पांढरे-फिके पट्टे राहिले.

आता गंमत बघा. आपले डोळे रंगावर भाळतात आणि रचना बघायचीच राहते. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सवय एकच: बिघाड शोधायचा तर एकेक गोष्ट बंद करून बघायची. इथेही तेच करतो. फोनच्या कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. लाल खडक आणि निळं आकाश बऱ्याचदा सारखेच करडे दिसतात! म्हणजे तो फोटो फक्त रंगाच्या जिवावर उभा होता. करड्यातही रेषा आणि सावल्या टिकल्या, तर फ्रेम पक्की. मग फिल्टर काढा आणि क्लिक करा.

रेषा कुठून आणायच्या? तिथल्या फायर वेव्ह या जागी पट्टे पायाशी सुरू होऊन लांबच्या उंचवट्याकडे वळत जातात. उभं राहून फोटो काढला की ते चपटे दिसतात. गुडघ्यावर बसा, वाइड लेन्स लावा आणि एखादा पट्टा फ्रेमच्या कोपऱ्यातून आत येऊ द्या. नजर आपोआप त्याच्या मागे जाते. आकाश कोरं असेल तर त्याला वर चिंचोळी पट्टीच द्या.

आकार कळण्यासाठी लांबवर एक माणूस उभा करा, निळ्या कपड्यांत असेल तर उत्तमच. एक्स्पोजर ठरवताना सगळ्यात उजळ पांढऱ्या पट्ट्यावर बोट दाबून धरा. एक्स्पोजर लॉक झालं की उजेड थोडा कमी करा. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ‘क्लाउडी’वर ठेवा, कारण ऑटोमध्ये लाल रंग कधीकधी फिका पडतो.

वेळ दुपारची नको. डोक्यावरच्या उन्हात सावल्याच उरत नाहीत आणि खडक सपाट दिसतो. तिरपं ऊन प्रत्येक खाच उठवतं. पण पार्क सूर्यास्ताला बंद होतं, म्हणून परतीच्या चालीचा वेळ आधीच धरा. पाणी भरपूर न्या. उन्हाळ्यात उष्णतेमुळे काही पायवाटा बंदही असतात, तेव्हा निघण्याआधी तपासा.

आणि एक सांगतो. त्या पातळ कडांवर पाय देऊ नका. तुटलेली कड परत उगवत नाही. फ्रेम थोडी बदलली तरी चालेल की!

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर घराजवळच्या एखाद्या कातळावर हा फिल्टर लावून बघा.