स्ट्रॉबेरी कँडी: पाक जमला तरी माल रात्री करू नका

पहिल्या स्टॉलसाठी मी 40 काड्या आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवल्या. सकाळी सगळ्या चिकट, खाली पाकाचं डबकं. एकही विकली नाही.

कृती सोपी आहे. महाबळेश्वरची घट्ट स्ट्रॉबेरी धुऊन अगदी कोरडी पुसा. ओल राहिली की पाक धरत नाही. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की ढवळू नका, साखर परत दाणेदार होते. गार पाण्यात टाकलेला थेंब काचेसारखा कट्कन मोडला (साधारण 150 अंश), की गॅस बंद. काडीला टोचून बुडवा, बटर पेपरवर ठेवा. पोरांना मात्र लांब ठेवा, हा पाक फार भाजतो.

फळाला पाणी सुटतं, वर साखर हवेतली ओल ओढते. तास-दोन तासांत चकाकी जाते. म्हणून आता पाक स्टॉलवरच, एका वेळी 10 काड्या. उरलेल्या फळांचा घरी जॅम.